दादाच्या दंडावरचा सेन्सर

चिमणी केस कापायची तेव्हा तिच्या कात्रीचा आवाज सलूनभर घुमायचा, आणि त्या आवाजात मध्येच सलूनचा फोन खणखणायचा. मालकीणबाई रिसीव्हर उचलायच्या, ऐकायच्या आणि गिऱ्हाइकांच्या डोक्यांवरून ओरडायच्या, "चिमणे, तुझा पहारेकरी!"

पहारेकरी म्हणजे तिचा थोरला भाऊ. चिमणीला पंधराव्या वर्षी टाइप वन मधुमेह झाला. तिचं शरीर इन्सुलिन बनवायचं विसरूनच गेलं होतं, त्यामुळे ते बाहेरून घ्यायचं आणि साखरेवर सतत नजर ठेवायची, हे आता जन्माचं काम होतं. दंडावर चिकटवलेला छोटा सेन्सर साखरेचा आकडा तिच्या मोबाईलवर पाठवायचा, आणि दादाच्याही. ही परवानगी तिनेच दिली होती. एकदा साखर अचानक उतरली आणि एका गिऱ्हाइकाची झुलपं अर्धीच कापून ती खुर्चीशेजारी खाली बसली, त्या दिवशी. तेव्हापासून दादा मोबाईलवरच्या बहिणीच्या साखरेच्या रेषेवर डोळा ठेवून होता.

"काय खाल्लंस? रेष वर चाललीय."

"दादा, माझ्या हातात कात्री आहे."

"केक होता ना?"

"वाढदिवस होता, मालकीणबाईंचा. इन्सुलिन घेतलंय. ठेव आता!"

एकदा ती दवाखान्यात तपासणीला गेली असताना तिथल्या संशोधक बाईंनी विचारलं, "आम्हाला भाऊ-बहिणींच्या जोड्या हव्या आहेत. एकाला टाइप वन, दुसऱ्याला नाही. दोघेही उभ्याने किंवा अंगमेहनतीचं काम करणारे. दिवसभरात साखर कशी हलते ते बघायचंय. आणि भावंडांच्या रक्तात पुढे हा आजार होण्याची काही खूण आहे का, तेही."

चिमणी लगेच हो म्हणाली. सुरुवातीला तिला दिवसातून कितीदा तरी बोट टोचावं लागायचं. कुणीतरी स्वतःवर प्रयोग करू दिले, म्हणून तर आज दंडावरचा हा सेन्सर आला. आता आपली पाळी, असं तिला वाटलं. शेवटचं वाक्य मात्र तिच्या मनात रुतून बसलं. दादाच्या रक्तात खूण निघाली तर?

ते तिने कुणाला सांगितलं नाही.

दादा लोकांचं घरसामान हलवायचा. कपाट एकट्याने पाठीवर घेऊन जिने चढायचा, म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणायचे. "बहिणीसाठी काहीही!" असं म्हणत तो छाती काढून दवाखान्यात शिरला. नर्सने रक्त घ्यायला सुई काढली मात्र, पैलवानाची शेळी झाली.

"एवढी लांब?"

"दादा, माझ्याकडे बघ."

"तुझ्याकडेच बघतोय. तू दोन दिसतेस."

नर्सने त्याला आडवं केलं. चिमणी त्याचा हात धरून बसली. हसू दाबता दाबता तिच्या नाकी नऊ आले. सुई निघाल्यावर तो छताकडे बघत म्हणाला, "तू हे रोज करतेस?"

"सवय होते रे."

"मला नाही होणार," तो म्हणाला, आणि सेन्सर लावताना त्याने डोळे मिटले.

सेन्सर लागला. संशोधक बाई म्हणाल्या, "आकडे आम्हाला मिळतीलच. घरी आणखी कुणाला दाखवायचेत का?"

"मला," चिमणी म्हणाली.

चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, ते असे. दुसऱ्याच दिवशी दादा जिन्यात सोफ्याखाली वाकलेला असताना त्याचा मोबाईल वाजला.

"काय खाल्लंस?"

"काही नाही!"

"रेष डोंगर चढतेय दादा."

"अगं, जरा थंड प्यायलो."

"जरा? बाटली होती की पिंप?"

सोफ्याचं दुसरं टोक धरलेला ट्रकवाला म्हणाला, "बायको का?"

"बहीण," दादा कण्हला. "बायको परवडली असती."

ती सकाळी विचारायची, दुपारी विचारायची. आईसमोर त्याने दुसऱ्यांदा आइस्क्रीम घेतलं की नुसता मोबाईल टेबलावर ठेवायची. आठवडा उलटायच्या आत दादा सलूनमध्ये येऊन तिच्या खुर्चीत धपकन बसला.

"केस काप. आणि तो फोन बंद कर. घास तोंडात घालताना मागे कुणीतरी उभं आहे असं वाटतं."

चिमणीने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं. "मला हे कितीतरी दिवस वाटतंय."

कात्री चालू राहिली. दादा आरशात तिच्याकडे बघत होता.

"मला काळजी वाटते गं."

"माहितेय. साखर उतरली आणि मी फोन उचलला नाही, तर धावत ये. वर गेली तर ते माझं मी बघते. माझं कामच आहे ते."

"आणि केक?"

"केकचं नाव काढायचं नाही."

"बरं," दादा म्हणाला. "कानाजवळ जपून."

रक्ताचा निकाल आला तेव्हा चिमणी गिऱ्हाइकाचे केस धुवत होती. निकाल बहिणीलाच कळवा, असं दादाने बजावून ठेवलं होतं. संशोधक बाईंनी फोनवर सांगितलं की दादाच्या रक्तात तसली कुठलीही खूण नाही. चिमणी ओल्या हातांनी मोबाईल धरून उभी राहिली. गिऱ्हाईक डोळे मिटूनच म्हणालं, "ताई, पाणी कानात जातंय." तिने नळ बंद केला आणि दादाला फोन लावला. बोलताना तिला रडू फुटलं. दादाला वाटलं तिचीच साखर उतरली, आणि कपाट रस्त्यातच टाकून तो सलूनपर्यंत धावत आला. निकाल ऐकून तिच्यावरच चिडला, "माझ्यासाठी रडत होतीस? वेडी कुठली!" आणि त्याने तिला घट्ट धरलं.

पुढे फोन खरोखर कमी झाले. दादाने दुसरा उद्योग काढला. ज्याच्या घरचं सामान हलवी, त्याला तो या संशोधनाबद्दल सांगू लागला. एके दिवशी संशोधक बाईंचा चिमणीला फोन आला.

"तुमच्या दादांमुळे आम्हाला तीन जोड्या मिळाल्या, त्यांचे आभार माना. पण त्यांना जरा आवरा. आज एक आजोबा आलेत. त्यांना मधुमेह नाही, भावंडंही नाहीत. म्हणतात, पैलवानाने पाठवलंय, रक्त घेतल्याशिवाय जाणार नाही."