काळा घ्यायचा की रुपेरी

“बसली बाई बसली, पाठ देऊन बसली,
थाप पडता पाठीवर वीज होऊन उठली!”

इंदुबाईंचा हा आवाज हुस्नबानूच्या कानातून इतक्या वर्षांत गेला नव्हता. इंदुबाई म्हणजे शाळेतल्या खेळाच्या बाई. साडीवर कॅनव्हासचे बूट घालायच्या, आणि खो-खोच्या रांगेत मुली दबा धरून बसल्या की शिट्टी वाजवण्याऐवजी गायच्या. पाठीवर थाप पडायची, ‘खो’ ऐकू यायचा, आणि हुस्नबानू अशी सुटायची की समोरच्या मुलीला तिची ओढणी तेवढी मागे उडताना दिसायची. मग दहावी झाली, निकाह झाला. पायाची माती निघाली आणि त्या जागी मेंदी आली. मेंदीही वाईट नव्हती. पण माती ती माती.

आज सदाशिव पेठेतल्या लॅपटॉपच्या दुकानात, गार हवेत, ती पर्स मांडीवर घेऊन बसली होती. समोर काचेच्या टेबलावर दोन लॅपटॉप उघडून ठेवले होते. एक रुपेरी, भाकरीसारखा पातळ. दुसरा काळा, जाडजूड, पाठीमागे जाळ्या असलेला. रहीम, तिचा नवरा, रुपेरी लॅपटॉपचं झाकण अंगठ्याने दाबून बघत होता. मार्केट यार्डात फळांचा गाळा चालवून त्याचा अंगठा असा तयार झाला होता की आंबा आतून कुठे पिकलाय ते तो डोळे मिटून सांगायचा.

“काका,” दुकानातला अभिनव म्हणाला, “लॅपटॉप आहे तो. हापूस नाही.”

“माल हातात घेतल्याशिवाय मी जावईसुद्धा पसंत करणार नाही,” रहीम म्हणाला. “बोला, फरक काय दोघांत?”

“बजेटमध्ये दोन्ही बसतात. हा रुपेरी हलका आहे, बॅटरी दिवसभर पुरते. बिलं, हिशेब, कॉलेजची कामं, सिनेमे, सगळं होतं. पण वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. गेम म्हणाल तर पत्ते खेळा. हा काळा रोजची कामं करतोच, वर मोठे गेमही पळवतो. मात्र जड आहे, बॅटरी तीन-चार तास, आणि पंखा सुरू झाला की शेजारच्यांना कळतं.”

“मग ठरलं की. आमच्याकडे गेम कोण खेळणार?” असं म्हणून रहीमने शेजारी उभ्या लेकीकडे, जिनतकडे तिरकं पाहिलं. “का गं, फार्मसीच्या पेपरात गेमचा प्रश्न असतो का?”

जिनतने आईकडे पाहिलं, आणि हुस्नबानूने पर्सची चेन उगाच उघडून पुन्हा लावली.

गोष्ट अशी होती की खेळणारी जिनत नव्हतीच.

दीड वर्षापूर्वी हुस्नबानूचा पाय मुरगळून हाड सरकलं आणि प्लास्टर बसलं. पलंगावर पडून पडून ती छताशी भांडायला लागली, तेव्हा जिनतने आपला जुना लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला. “अम्मी, हे बघ. पाच जण आपले, पाच समोरचे. त्यांचा किल्ला घ्यायचा, आपला राखायचा.” पहिल्या दिवशी हुस्नबानू स्वतःच्याच किल्ल्याच्या भिंतीला धडकत राहिली. आठवड्याभरात तिला कळलं की हा खेळ तिला ओळखीचा आहे. दबा धरायचा, समोरच्याचा खांदा कुठे झुकतोय ते बघायचं, आणि निघायचं ते असं निघायचं की त्याला वळायलाच सापडू नये. पायाला प्लास्टर होतं, पण ती धावत होती.

प्लास्टर निघालं, खेळ राहिला. रहीम पहाटे यार्डात जायचा. दुपारी जोहरची नमाज झाली, भांडी पालथी पडली, की हुस्नबानू ओट्यावर लॅपटॉप मांडायची. तो इतका तापायचा की खाली पापड भाजायची जाळी ठेवायची, म्हणजे वारा खेळता राहील. कानाला हेडफोन, तोंडाने हळू आवाजात हुकूम. पलीकडे तिची टीम: येरवड्याचा ऋषी, नांदेडची ऋतिका, शंभू आणि श्याम. सगळी तिच्या लेकीच्या वयाची. ‘आपा, आता कुठून जायचं?’ असं तिला विचारायची. तिने त्यांना स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं. तिथे तिचं नाव होतं बिजली.

एका दुपारी रहीम लवकर घरी आला. लॅपटॉपवर किल्ला पेटलेला, हुस्नबानू बाथरूममध्ये. “हे काय चाललंय?” त्याने विचारलं, आणि जिनतने पटकन सांगितलं, “माझं आहे, अब्बा.” त्या दिवसापासून घरात कुणी ‘गेम’ म्हटलं की जिनतला टोमणा बसायचा. मार्क दोन कमी पडले, गेम. चहा उतू गेला, गेम. नणंद घरी आली की म्हणायची, “पोरीच्या जातीला हे शोभतं का?” जिनत हसायची आणि मान खाली घालायची. ती मान खाली गेली की हुस्नबानू उठून पुसलेला ओटा पुन्हा पुसायला लागायची. पण सांगणार कसं? सासू होण्याच्या वयाची बाई दुपारी ओट्याजवळ लढाया करते म्हणून?

आता टीम एका ऑनलाइन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचली होती. पुढच्या महिन्यात सामना. आणि जुना लॅपटॉप ऐन मोक्याला गोठायचा. मागच्या खेपेला बिजली भिंतीआड पुतळ्यासारखी उभी राहिली आणि ऋषी एकटा मारला गेला. काळा लॅपटॉप आला तर ती खेळणार होती. रुपेरी आला तर टीमला दुसरी आपा शोधावी लागणार होती.

“काळ्यात रॅम वाढवायला जागा आहे ना?” तिने विचारलं.

“आहे की,” अभिनव म्हणाला, पण जिनतकडे बघून. “एक जागा रिकामीच आहे. तू नंतर टाकू शकतेस.”

“ती काही टाकत नाही,” रहीम म्हणाला. “हा रुपेरी बांधा. आणि जिनत, या भाऊंच्या समोर सांग. नवीन लॅपटॉपवर गेम नाही. कबूल?”

दुकानात आणखी दोघं-तिघं होती. त्यांनी वळून पाहिलं. जिनतचे कान लाल झाले. एकवीस वर्षांची पोर. वर्गात पहिल्या पाचांत, घरातली औषधं आजीला वेळच्या वेळी देणारी, आईचं गुपित दीड वर्ष पदराआड दिव्यासारखं जपणारी. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, “कबूल, अब्बा.”

अभिनवने रुपेरी लॅपटॉपचा खोका टेबलावर आणला.

हुस्नबानूला वाटलं, आपण ही मान किती वेळा खाली जाऊ दिली! किल्ले जिंकले, वाहवा घेतली, आणि मार सगळा या लेकरानं खाल्ला. तिला लाज वाटली, पण खेळाची नाही. खेळाचा तर तिला, आता नीट पाहिलं तेव्हा कळलं, गर्व होता. ओला हात पुसून, ओट्याजवळ उभं राहून कमावलेला, कुणाकडून उसना न घेतलेला गर्व.

ती उठली. खोक्यावर हात ठेवला.

“थांबा. हा नको. काळा द्या.”

“अगं बानू,” रहीम हसला, “तुला काय कळतं त्यातलं?”

“कळतं.” दुकानातली माणसं ऐकत होती. ऐकू देत, असं तिला वाटलं. “पोरीला बोलू नका, अहो. तिनं फार्मसीला नाव घातल्यापासून गेमला हात लावलेला नाही. तिनं माझं पाप अंगावर घेतलं, आणि ते पापही नाही. खेळते मी. दीड वर्ष झालं. पाच जणांची टीम आहे आमची, पुढच्या महिन्यात फायनल आहे, आणि त्या टीमची कप्तान मी आहे.”