पाण्याचा उंबरा

मी एक उंबरा बोलतोय. पण तुमच्या पायाखालचा नव्हे. मला ओलांडून माणूस कधी जात नाही, जातं ते फक्त पाणी, आणि तेही कैक वर्षांतून एखाद्या वेळी. एरवी माझ्यावर पाली ऊन खात पडलेल्या असतात. मला त्याचं काही वाटत नाही. आमच्या म्झाबच्या खोऱ्यात, ऐन वाळवंटात, ज्याला वाट बघता येत नाही त्यानं राहूच नये.

डोंगरातून फोडून मला इथे आणलं ते बाकिर नावाच्या बागवानानं. त्याच्या खजुराच्या बागेची भिंत गल्लीला लागून आहे. आमच्या गल्ल्या म्हणजे पुराचे पाट. नदीला पूर आला की वरच्या बांधापाशी पाणी फुटतं, गल्लीगल्लीतून वाहतं आणि प्रत्येक भिंतीच्या तळाशी ठेवलेल्या झरोक्यातून त्या त्या बागेत शिरतं. ज्याची झाडं जास्त, त्याचा झरोका मोठा. त्या झरोक्याचा उंबरा मी.

मला कुठल्या उंचीवर बसवायचं, हे ठरवायला पुराचे अमीन, म्हणजे पाण्याची वाटणी बघणारे गावचे पंच, आले होते. त्यातला एकजण चक्क पालथा पडून, गाल मातीला लावून बघत होता.

“जरा खाली बसवा की,” बाकिर म्हणाला. “चार घागरी जास्त येतील.”

“येतील ना. आणि जाताना तुझी भिंत घेऊन जातील.”

बाकिरनं मला अमीनांच्या खुणेवर बसवलं. मी बसलो तो कायमचा.

त्यानंतर किती पूर माझ्या अंगावरून गेले! पाणी बागेत पसरायचं, जमिनीत मुरायचं, विहिरी भरायच्या, उरलेलं खालच्या बागेत जायचं. माणसं उन्हाळ्यापुरती बागेत राहायची आणि खजूर उतरवून शरदात टेकडीवरच्या गावात परतायची. पूर येतो तो शरदात. त्याच्यासाठी जागा रिकामी करून ठेवण्याचीच ही रीत होती. पुराशी कुस्ती खेळण्याचा वेडेपणा आमच्या लोकांनी कधी केला नाही.

मग बाग याह्याकडे आली. बाकिरच्याच वंशातला. उत्तरेकडच्या शहरात बरीच वर्षं दुकान चालवून तो परतला होता. माणूस लाघवी, पण डोकं दुकानदाराचं. त्याला वाटलं, एवढी बाग आणि राहायचं फक्त उन्हाळ्यात? त्यानं बागेत बारमाही घर बांधलं, निळी फरशी घातली. आणि ती फरशी खराब होऊ नये म्हणून माझा झरोका सिमेंटनं लिंपून टाकला. वर पुदिन्याची कुंडी ठेवली. माझा जीव असा गुदमरला की काय सांगू!

शरदाच्या तोंडाशी अमीनांची फेरी आली. म्हाताऱ्या बा हम्मूनं काठीनं कुंडी सरकवली.

“पुदिना झकास आहे रे याह्या. पण त्याच्यामागे काय दडवलंयस?”

“बा हम्मू, शेवटचं पाणी कधी आलं ते आठवतंय तरी का? माझी पोरं नदीत फुटबॉल खेळतात!”

“खेळू देत. नदीला घाई नाही. शुक्रवारपर्यंत हे फोड.”

“बघतो,” याह्या म्हणाला.

‘बघतो’ म्हणजे ‘नाही’, हे दगडालाही कळतं.

शुक्रवार उजाडायच्या आधीच, एका भर दुपारी, वरच्या बुरुजावरून बंदुकीचे बार निघाले. पूर! घराघरांतून बायकांनी आनंदाची किलकारी घातली. आमच्याकडे पुराचं स्वागत असंच होतं. पुरुष फावडी घेऊन बांधाकडे धावले. लाल पाणी काटक्याकुटक्या ढकलत गल्लीत आलं, माझ्यापर्यंत पोचलं आणि थबकलं. सवयीची वाट बंद! मग ते चढू लागलं. सगळा भार समोरच्या भिंतीवर पडला.

त्या भिंतीपलीकडे लाल्ला मेन्ना राहायची. तिची बाग चिमुकली, झरोकाही तेवढाच. खजूर उतरवायचा राहिला म्हणून ती अजून बागेतच होती. तिचा नवरा दाऊद खजुरावरून पडून कंबर मोडून बसलेला, आणि त्याची खाट नेमकी त्या भिंतीशी. ती छतावर आली.

“याह्या! भिंतीला ओल फुटली रे! हे माझ्या एकटीच्यानं उचलवत नाहीत!”

गल्लीत छातीभर पाणी. पलीकडे जायला वाट नव्हती. याह्या दारात उभा राहून एकदा भिंतीकडे बघे, एकदा फरशीकडे. त्याच्या बायकोनं, सालिहानं, त्याच्या हातात पहार दिली.

“फरशी बाजारात मिळते. दाऊदकाका मिळतील का?”

त्यानं कमरेला दोर बांधला, दुसरं टोक खजुराला बांधलं आणि घाव घालायला सुरुवात केली. एक घाव माझ्या कोपऱ्यावर बसला. टवका उडाला. मार बाबा, मी मनात म्हटलं, आणखी मार! सिमेंट फुटलं तशी पाण्यानं याह्याला उचलून खजुराशी आपटलं. ते बागेत पसरलं आणि निळ्या फरशीवरून, पलंगाखालून, चुलीतून थेट आरपार गेलं. पण गल्लीतलं पाणी उतरलं. मेन्नाची भिंत उभी राहिली. पाणी माझ्या अंगावरून जात होतं आणि मला, दगडाला, रडू येत होतं.

शुक्रवारी सगळी गल्ली टोपल्या-फावडी घेऊन याह्याकडे इर्जिकीला आली. त्याच्या घरातला गाळ काढून त्याच्याच झाडांच्या बुडाशी घातला. मेन्ना कुसकुसच्या जेवणाचं भांडं डोक्यावर घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, “पाहुण्याला दार लावलं की तो जोड्यांसकट आत येतो हो!” सगळ्यात मोठ्यानं याह्याच हसला. हात गळ्यात बांधलेला होता, तरी पुरात कललेल्या मला सरळ करायला तो दुसऱ्या कुणाला हात लावू देईना.

बा हम्मू काठी टेकत आला. “अमीनांत एक जागा रिकामी आहे. तू ये.”

“मी? अहो, मी तर पाण्याची वाट चोरणारा चोर!”

“म्हणूनच. चोरवाटा तुला ठाऊक.”

आता मी म्हातारा आहे, कोपऱ्याला टवका आहे, पण जागेवर पक्का आहे. याह्या शरदात टेकडीवर राहतो. पूर पुन्हा येईल, आणि आम्ही तयार असू. तुमच्या गावातही पाण्याची एखादी जुनी वाट असेलच. तिच्यावर कुंडी ठेवू नका, एवढंच माझं मागणं आहे.

परवाच याह्या फेरीवर निघाला होता. माझ्या शेजारच्या बागेत एक कुंडी दिसली. त्यानं ती काठीनं सरकवली. मागे ताजं सिमेंट.

“बघतो,” मालक म्हणाला.

“बघ की,” असं म्हणत याह्यानं त्या भिंतीशीच बैठक मारली. “पहार घेऊन ये. तोवर मी बसलोय.”