खालची ओळ

मित्रांनो, मी दुकानाचा बोर्ड होतो, हे आता सांगावं लागतं. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला गावी एका परसात कोंबड्यांच्या खुराड्यावर पत्रा म्हणून पडलो आहे. ऊन तापवतं, कोंबड्या नाचतात. कुरकुर करायचाही कंटाळा आला आहे. पण आलाच आहात, तर ऐका.

चौऱ्याऐंशी साली मारोती पेंटरनं मला निळा रंग देऊन पांढरी अक्षरं काढली. वरच्या ओळीत ‘मोतीराम’, खालच्या ओळीत ‘आणि कंपनी’. बाजूला विहिरीवरच्या पंपाची मोटार काढली. ती ढोलकीसारखी झाली होती, तरी कौतुक बक्कळ झालं.

मोतीराम जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचे. कंपनी कोण, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. दुकानात पडद्याआड बसून तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळायची ती त्यांची बायको, राहीबाई. आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. मग ते रस्त्यावर टांगायचं कसं? म्हणून मोतीरामांनी ‘कंपनी’ लिहून घेतलं. राहीबाईला वाचता येत नव्हतं, पण खालची ओळ आपली, हे ती जाणून होती. सणावाराला मला पुसायची, तेव्हा त्या ओळीवर तिचा हात जरा जास्तच फिरायचा.

पुढं धंदेवाल्यांवर आणि पगारदारांवर नवा कर आला. एक तपासनीस फिरत फिरत नेमका माझ्याखाली थांबला. कंपनी आहे तर नोकर किती, त्यांच्या पगाराची नोंदणी कुठं आहे, असं त्यानं हिंदीत विचारलं. विचारणं रास्तच होतं. पण परक्यासमोर बायकोचं नाव घ्यायचं मोतीरामांच्या जिवावर आलं.

“कोनी नाही साहेब,” ते म्हणाले. “मी एकलाच हाय.”

मग बोर्डावर खोटं कशाला, असं म्हणून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी मोतीरामांनी खालच्या ओळीवर काळा रंग फासला. राहीबाई दारात उभी राहून बघत होती. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. ती भांडली नाही. घरी जाऊन चूल पेटवली, पण तार काही परत हातात घेतली नाही.

“काऊन बसत नाहीस?” मोतीरामांनी शेवटी विचारलं.

“तुमी एकलेच हाव ना,” ती म्हणाली.

मोतीरामांनी स्वतः तार भरलेल्या मोटारी चार दिवसांत पुन्हा जळू लागल्या. गहू पाण्यावाचून सुकायला लागले, तशी माणसं मोटारी घेऊन दुसरीकडे जाऊ लागली. घरात कोणी कोणाशी बोलेना. एके सकाळी मोतीरामांनी मला उतरवलं, पोत्यात गुंडाळलं आणि आदिलाबादची बस धरली. नुसत्या बोलण्यावर कराच्या हाफिसात कोण विश्वास ठेवणार, म्हणून साक्षीला मी! कंडक्टरनं माझंही तिकीट फाडलं.

कारकुनानं माझ्याकडे पाहिलं आणि कामगाराचं नाव विचारलं. मोतीरामांनी टोपी काढली, परत घातली, घसा खाकरला.

“राहीबाई,” ते पुटपुटले. मग मोठ्यानं म्हणाले, “राहीबाई. माही बायको हाय. हातचं काम समदं तिचंच हाय.”

कारकुनानं लिहून घेतलं. तिला लावलेला पगार इतका थोडा, की त्यावर कर बसतच नव्हता, नुसती नोंद हवी होती. एवढ्यासाठी हे सगळं!

गावात येताच मारोतीनं खालची ओळ पुन्हा पांढरी केली. राहीबाईनं मान वर करून ती नीट पाहिली. मोतीराम “झालं” एवढंच म्हणाले. त्या संध्याकाळी ती तारेपाशी बसली.

मग पुष्कळ वर्षं दुकान चाललं. बारीक तारेपायी तिची नजर अधू झाली, तेव्हा ते बंद पडलं आणि मी या खुराड्यावर आलो. दोघं आता इथंच अंगणात बसून असतात. ते तिला अजून “अवं” म्हणूनच हाक मारतात. हाफिसात आपण तिचं नाव घेतलं, हे त्यांनी तिला कधी सांगितलंच नाही. ते ऐकलं मी, आणि मला तोंड नाही.

मला पुसू नका, मित्रांनो, रंगही नको. तुमच्या घरी जे माणूस राबतं, त्याचं नाव मात्र घ्या, आणि ते माणूस समोर असताना घ्या. राहीबाईला हल्ली ऐकूही कमी येतं.