मोहाचं तेल

"बटन दाब न सीता, जोरानं!"

"दाबूनच राह्यली बाई. मोटर बोलून राह्यली, पन दांडा हालूनच नाई राह्यला."

चंद्रपूरच्या त्या कॉलेजच्या हॉलमध्ये डिसेंबरची थंडी फरशीतून तळपायात चढत होती. स्पर्धेसाठी आखलेल्या चौकोनात मुलींचा रोबो उभा होता. खाली चाकं, वर डबा ठेवायची पाटी आणि पाटीखाली तो दांडा. दांड्याने पाटी वर न्यायची आणि डबा समोरच्या फळीवर सरकवायचा, एवढंच काम होतं. चाकं शहाण्यासारखी फळीपर्यंत आली होती. पुढे मात्र मोटर नुसती कण्हत होती. शिक्षकांनी दोरी ओलांडायची नाही असा नियम होता, म्हणून रुखमा अलोणे ती दोरीच मुठीत आवळून उभी होती.

घंटा वाजली. परीक्षक पोरगेलासा होता, बोलायला गोड. "छान प्रयत्न केलात," तो मुलींना म्हणाला, "पुढच्या वर्षी नक्की या हं."

पुढच्या वर्षी! रुखमाने मुठीतली दोरी सोडून दिली.

अहेरीजवळच्या मुलींच्या आश्रमशाळेत ती लागली होती शिवणाची बाई म्हणून. शिवणाचा वर्ग बंद झाला, मशिनी टेम्पोत चढून निघून गेल्या आणि त्याच खोलीत रोबोटचं सामान येऊन पडलं. विज्ञानाच्या सरांनी हात वर केले. हेडसर म्हणाले, "अलोणेबाई, तुम्हीच पाहा. शेवटी मशीन ते मशीन." कुणाची म्हैस नि कुणाला उठबैस! पण घरी बसून कुढण्यापेक्षा बरं, म्हणून ती मुलींच्या बरोबरीने शिकू लागली.

सगळ्यात नाकी नऊ आणले ते या दांड्याने. मोटर फिरणार गोल आणि पाटी तर जायला हवी सरळ वर. शेवटी गॅरेजमधून आट्यांची लांब सळई आणली आणि ती मोटरीला जोडली. सळई फिरते, पण तिच्यावरच्या नटाला फिरू द्यायचं नाही. मग बिचारा नट करणार काय, तो सळईवरून वर सरकतो. नटावर पाईप, पाईपवर पाटी, हाच तो दांडा. पहिल्यांदा पाटी वर गेली तेव्हा मुलींनी खोली डोक्यावर घेतली होती. मशिनी गेल्यानंतर रुखमा त्या दिवशी प्रथमच पोट धरून हसली होती.

तरी दरवर्षी स्पर्धेत काहीतरी नडायचंच. कधी चाक निखळायचं, कधी वायर जळायची. बॅटरी तर ऐन वेळी मान टाकायची, म्हणून रुखमाने तिच्याभोवती पहाराच बसवला होता. कुणी उगाच दांडा वर-खाली केला की ती ओरडायची, "बॅटरी उतरंल न वो पोरीहो!" यंदा निघताना हेडसरांनी तिला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. पहिली फेरी पार झाली तर ठीक, नाहीतर खोली धान्याला द्यायची. पोती व्हरांड्यात भिजतात. आणि बाईंनी मग निवृत्तीपर्यंत स्वयंपाकघराकडे पाहायचं. मुलींना यातलं तिने काहीच सांगितलं नव्हतं.

आता हॉलबाहेरच्या ओट्यावर तिने पाईप सोडवला. आत बोट घातलं, तर बोटाला पांढरं, तुपासारखं घट्ट काहीतरी लागलं.

"बाई," सीता आत्राम हळूच म्हणाली, "हे त थिजलं."

तिच्या शेजारी उभ्या दिव्यानीचा चेहरा पडला. तिचं गाव भामरागडच्याही पलीकडे. निघायच्या आदल्या दिवशी मशिनीच्या तेलाची शिशी उपडी केली तरी थेंब पडेना, तेव्हा तिनेच पेटीतून घरचं तेल काढून दिलं होतं. मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, आईने घाण्यावरून आणलेलं. त्या दुपारी टिनाच्या छपराखाली खोली तापलेली होती, तेल पाण्यासारखं पातळ होतं. रुखमाने सढळ हाताने ओतलं आणि दांडा कसा लोण्यातून गेल्यासारखा वर गेला. मग बस, मग चंद्रपूर, मग तिथल्या एका शाळेच्या उघड्या व्हरांड्यात मुक्काम. रोबो मुलींच्या उशाशी गार फरशीवर. सकाळी चिठ्ठीत पहिला नंबर निघाला, तेव्हा मुली नाचल्या होत्या. दुपारचा निघता तर!

"माह्याच घरचं तेल व्हतं बाई," दिव्यानी रडू लागली.

"तेल तुह्या घरचं, पन हात माहा व्हता. रडू नोको."

हिवाळ्यात मोहाचं तेल थिजतं, हे झाडीपट्टीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रुखमाची माय थंडीभर तेलाची शिशी चुलीच्या कडेला ठेवायची. डोक्याला लावायच्या आधी रुखमाने स्वतः ती कितीदा शेकली होती. ठाऊक होतं आणि आठवलं नाही, याचंच तिला वाईट वाटलं. आजकाल असंच होई. थकल्या डोक्यातून हवी ती गोष्ट नेमकी हव्या त्या वेळी निघून जायची.

पदर खोचून ती पुन्हा आत गेली. आजवर तिने कुणापुढे हात पसरला नव्हता, शिवणाचा वर्ग बंद झाला तेव्हासुद्धा नाही.

"सर, तेल थिजलं व्हतं. उन्हात ठेवला का चालते. पोरीयले एक डाव दुपारी द्या न. चूक माही हाय, त्यायची नाई."

परीक्षकाला खरंच वाईट वाटलं असावं. त्याने मागे लागलेल्या रांगेकडे पाहिलं. "मॅडम, एकाला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल."

"बरोबर हाय," रुखमा म्हणाली. तिला ते पटलंही, आणि म्हणून जास्तच लागलं.

दारातच फोन वाजला. हेडसर.

"काय झालं, बाई?"

"नाई चढला सर."

"बरं. मग सोमवारी चाबी देऊन टाका ऑफिसात."

"देते सर."

अहेरीची बस दुपारी होती. ऊन आता ओट्यावर पसरलं होतं. मुलींनी पाईप पुन्हा बसवून रोबो उन्हात ठेवला आणि त्याच्याभोवती बसून भात-वरण खाल्लं. रुखमाने नुसता चहा घेतला. पाईपच्या तोंडाशी पांढरं हळूहळू पिवळसर झालं आणि एक थेंब ओघळला. सीताने कुणाला न विचारता वायर जोडली. आपला रिकामा डबा पाटीवर ठेवून तिने बटण दाबलं.

मोटर गुणगुणली. दांडा निघाला, अजिबात न अडता वर चढत गेला. इथे फळी नव्हती. दिव्यानी धावत समोर आली आणि तेवढ्याच उंचीवर दोन्ही तळहात जोडून उभी राहिली. पाटी तिच्या हातांना भिडली. डबा सरकून तिच्या ओंजळीत आला.

"बाई, चढला! चढला बाई!"

चहावालीने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा कपबशा विसळायला लागली. हॉलमध्ये दुसऱ्याच कुठल्या तरी शाळेसाठी टाळ्या वाजत होत्या.

"बाई," दिव्यानी ओल्या डोळ्यांनी हसत म्हणाली, "पुढच्या साली मशीनचं तेल पह्यलेच आणून ठेवू न?"

"ठेवू," रुखमा म्हणाली.

पाईपवरून ओघळलेलं तेल तिने बोटांनी निपटून घेतलं. चांगलं तेल, वाया कशाला घालवायचं? चप्पल काढून ती ओट्यावर टेकली आणि भेगाळलेल्या टाचांना ते सावकाश चोळू लागली. मुली दांडा पुन्हा वर नेत होत्या, खाली आणत होत्या, पुन्हा वर नेत होत्या. रुखमा पाहत राहिली. बॅटरी उतरेल, असं ती म्हणाली नाही.