हरेश्वरचं बाळसं

कोळीवाड्यात पहिला रंगीत टीव्ही आला त्या साली मंजुळाच्या हरेश्वरने बाळसं धरलं, आणि तिच्या सासूने, सगुणाने, पेढे वाटले. पेढे वाटण्यासारखंच होतं म्हणा. दीड वर्षाचं पोर, पण तोवर नुसती काडी होती.

मंजुळाला पुन्हा दिवस राहिले तेव्हाच सगुणाने त्याला अंगावरून तोडायला लावलं होतं. "पोटुशीचं दूध म्हंजे विख गो," ती म्हणाली, आणि मंजुळाने मुकाट्याने छातीला कडुनिंब लावला. मंजुळा पाटी घेऊन पहाटेच मालाडच्या बाजाराला जायची, नवरा भिकाजी होडीवर. मागे पोराला पेज, तीही वरची निवळ, नाहीतर चहात बुडवलेली खारी. दारात मासळीचा ढीग, पण त्याच्या तोंडात तुकडा पडायचा नाही. एवढ्याशा पोराला जंत होतात, ही सगुणाची पक्की समजूत. असल्या शहाणपणाला कोळीवाड्यात कधी तोटा नव्हता. पोर रडून रडून शेवटी रडेनासं झालं. "शाणा झाला," सगुणा म्हणाली.

मग गाल वर आले. पाय भरले. चांदीचे वाळे रुतायला लागले.

रविवारी मंजुळा ते सैल करायला बसली. पाऊल धरताना अंगठा दाबला गेला, आणि काढला तर खळगा तसाच राहिला. तिने पुन्हा दाबून पाहिलं. शिळी मासळी ती अशीच ओळखायची. ताजी असली की मांस लगेच वर येतं. सासूला न विचारता तिने पोर उचललं.

सगुणा मागोमाग इस्पितळात पोचली.

"ही सूज आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उपासमारीची. फार उशीर केलात. घरी मासळी असते ना? काटा काढून, कुसकरून द्यायची."

"पचायची कशी त्याला?" सगुणा म्हणाली.

लेकुरवाळ्या गिऱ्हाइकांना मुडदुशीसारखी मऊ मासळी गळ्यात मारताना मंजुळा रोज डॉक्टरीणबाईंसारखंच सांगायची, अगदी त्याच शब्दांत. ते नुसते विकायचे बोल, असंच ती धरून चालली होती.

हरेश्वर वाचला नाही. "एवढं गुटगुटीत पोर, दृष्ट लागली," असं सगुणा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिली. मंजुळाने तिला एकदाही अडवलं नाही. दृष्ट म्हटली की दोष परक्याचा होतो, आणि तेवढा आधार तिलाही हवा होता.