गाडी एअर घेते

माझ्या बायकोने खोल श्वास घेतला की आमची पिकअप बंद पडते. साधे श्वास गाडी पचवते. पण नलूने सुस्कारा सोडला किंवा बोलायला तोंड उघडलं की इंजिन आचके देतं आणि गप्प होतं. मग नलू उतरून मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावते, मी डिझेलचा हातपंप मारतो आणि पुन्हा सेल्फ मारतो. आमचा बर्फाचा धंदा आहे. कारखान्यातून लाद्या भरायच्या, डोंगर ओलांडून बंदरावर पोचवायच्या. गाडी चढावर उभी राहिली की बर्फ वितळतो, आणि वितळलेल्या बर्फाला बंदरावर कुत्रं विचारत नाही.

हे आधी कळलं असतं तर डोक्याचा ताप वाचला असता. मी आधी फिल्टर बदलला. टाकी उतरवून धुतली. पाइपांचे वॉशर बदलले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. शेवटी भरल्या गाडीनिशी शिगवण मिस्त्रीच्या गॅरेजवर गेलो.

"एअर घेतेय," मिस्त्री म्हणाला.

जुन्या डिझेल गाडीला हा रोग नवा नाही. लायनीत हवा शिरते, बुडबुडा पंपात जातो, इंजिन मरतं. फक्त हवा कुठून घेते ते शोधायचं असतं. मिस्त्रीने काळा पाइप काढून पारदर्शक पाइप लावला. डिझेल सरळ वाहत होतं, एक बुडबुडा नाही. नलू केबिनमध्ये बसली होती.

"वैनी, कायतरी बोला बघू."

"काय बोलू?" नलू म्हणाली.

पाइपातून दोन बुडबुडे सरकत गेले. इंजिन बंद पडलं.

"हितनं घेतेय," मिस्त्री म्हणाला.

"मग हिला घरी ठेवतो," मी म्हणालो. पण लगेच आठवलं, ती माहेरी होती तेव्हाही गाडी खिंडीत बंद पडली होती. त्या वेळी ती तिकडे भाचीला झोपवताना गाणं म्हणत होती.

"घरी ठेवून काय व्हायचं नाय. एअर काढायला लागंल. पुरती."

"अहो," नलू म्हणाली, "गाडी विका ना."

पाइपात चार बुडबुडे आले. मला तिचा राग आला. मागे लाद्यांचं पाणी फळीतून गळत होतं. "काढा," मी मिस्त्रीला म्हणालो.

मिस्त्रीने दहा-अकराचा पाना घेतला, नलूचं मंगळसूत्र बाजूला सारून मानेवर बोटाने चाचपलं आणि नट सैल केला. फेस आला. फेसातून तिचं लहानपणचं हसू आलं, मग भाचीचं गाणं, मग 'अहो' असं कितीतरी वेळा. मिस्त्री फडक्याने पुसत राहिला. शेवटी स्वच्छ डिझेल आलं तेव्हा त्याने नट आवळला.

"आता आवाज नाय करायची," तो म्हणाला. गाडीबद्दलच म्हणाला असावा. पाना त्याने नलूच्या हातात दिला. "ऱ्हाऊ द्या गाडीत. लागतो."

मला वाईट वाटलं. पण गाडी अर्ध्या सेल्फला चालू झाली तेव्हा त्याहून जास्त बरं वाटलं.

निघालो. पारदर्शक पाइप बदलायचा राहिला होता. मिस्त्रीने तो केबिनमधून, माझ्या पायाजवळून फिरवून जोडला होता. नलू शेजारी ताठ बसली होती. तिची छाती हलत नव्हती आणि पदराला डिझेलचा वास येत होता. डोंगराचा चढ गाडीने असा काही ओढला की मला राहवलं नाही.

"बघ, कशी पळतेय!" मी म्हणालो.

पाइपात तीन बुडबुडे आले. गाडीने आचका दिला.

मी तोंड मिटलं. नाक दाबलं. इंजिन सावरलं. चढ अजून बराच होता. माझ्या कानांत घणघण सुरू झाली, छाती फुगत गेली. गाडी इथे थांबली तर मागे घसरणार, आणि खाली दरी. मी नलूला डोळ्यांनी ठोकळा दाखवला. उतर, म्हणून खुणावलं.

नलू उतरली नाही. तिने माझ्या शर्टाचं वरचं बटण काढलं, मला ताप आला की काढायची तसं, हळूच. तिची गार बोटं मानेवरून फिरत एका जागी थांबली. पाना तिथे बरोबर बसला.