एकच ताट

रादिसाव दुपारी दवाखान्यातून परतला तेव्हा त्याची आई स्तामेंका चुलीशी उभी होती आणि बायको नेवेन्का पाव कापत होती. त्याच्या पायाच्या अंगठ्याला पट्टी होती आणि हातात औषधांची पिशवी. उन्हाळ्यापासून जखम भरत नव्हती. रक्तात साखर इतकी चढली होती की डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं: खाणं आवरलं नाही तर पाय जाईल.

"काय म्हणाली ती?" स्तामेंकाने विचारलं.

"एका जेवणाला एकच ताट. दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं नाही."

"एवढंच ना! मग तोंड कशाला पाडलंयस?"

म्हातारी वळली आणि आतल्या खोलीतून लंबगोल ताट घेऊन आली. नाताळला ज्यात भाजलेलं डुकराचं पिल्लू आणतात, ते. त्यात तिने खिमा भरलेल्या कोबीच्या गुंडाळ्या रचल्या, शेजारी बटाटे, वर डुकराच्या मांसाचे तुकडे, आणि उरलेल्या कोपऱ्यात पाव खोचला.

"हे घे. मोजून एकच आहे."

"आई, याला ताट म्हणतात?" नेवेन्का म्हणाली. "यात अख्खं पिल्लू पाय पसरून झोपतं."

"डॉक्टरने ताट सांगितलंय. माप सांगितलंय का? मग तू कोण माप सांगणारी?"

रादिसाव हसला आणि जेवायला बसला. शेवटचा बटाटाही त्याने सोडला नाही, पण दुसऱ्यांदा मागितलं नाही हो! संध्याकाळी स्तामेंका फाटकाशी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती की तिचा मुलगा किती कडक पथ्य पाळतो. ऐकणारेही माना डोलवत होते. अशा अकलेचे लोक आमच्या गावात गल्लोगल्ली सापडतात.

मोरावा नदीकाठच्या आमच्या या गावात माणसाची पत ताटावरून ठरते. ताट लहान, तर घर कंजूष. नवरा बारीक, तर बायको आळशी. ताटात घास उरला, तर जिने रांधलं तिचा अपमान. ताट साफ केलं, तर पाहुणा अजून भुकेलाच आहे असं समजून पुन्हा वाढायचं. म्हणजे ठेवायचंही नाही आणि संपवायचंही नाही. यातून सुटका एकच, ती कबरस्तानात. आणि कोणी विचारलंच तर छाती फुगवून सांगायचं, आमचे आजे असेच जेवायचे! आजे पहाटेपासून विळ्याने गवत कापायचे. आमचे पुरुष ट्रॅक्टरच्या गादीवरून उठतात ते थेट सोफ्याच्या गादीवर बसतात.

नेवेन्का दुसऱ्या दिवशी एकटीच दवाखान्यात गेली आणि त्या लंबगोल ताटाची हकिकत तिने सांगून टाकली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "या भागात ताट म्हणून चालत नाही, माप सांगायला हवं होतं. हे बघ, आधी डोळा जेवतो. मोठ्या ताटात दोन डाव घेवडा केविलवाणा दिसतो, म्हणून हात तिसऱ्या डावाकडे जातो. तोच घेवडा लहान ताटात घाल, ताट भरलेलं दिसेल. आणि पातेलं टेबलावर आणूच नको. चुलीवर राहू दे. ज्याला हवं त्याने उठून जावं."

नेवेन्का परतताना माहेरी गेली. तिच्या आजीची निळ्या काठाची जुनी ताटं तिथे माळ्यावर धूळ खात पडली होती. घरी आणून तिने त्यातलं एक रोजच्या ताटात ठेवून पाहिलं, तर भोवती चार बोटं जागा उरली. त्याच दिवसापासून ती त्या जुन्या ताटांत वाढू लागली.

पहिले काही दिवस रादिसाव चमचा ठेवून चुलीकडे पाहायचा. पण उठायला लागायचं, आणि उठण्याचा त्याला कंटाळा. हळूहळू त्याचं पाहणं थांबलं. जेवण झाल्यावर पोटावर हात फिरवून "झालं बुवा," असं तो पूर्वीसारखंच म्हणू लागला. शरद सरेपर्यंत जखमेच्या कडा सुकल्या, साखर उतरली. जन्मभर जे उपदेशाने झालं नसतं ते चार बोटांनी केलं.

स्तामेंकाला मात्र हे पाहवेना. "माझ्या घरात कर्ता पुरुष बशीत जेवतो," ती शेजारणींना सांगायची. "मांजरापुढे ठेवावं तसं ठेवते त्याच्यापुढे." लेकाचा पाय बरा होतोय हे तिला दिसत होतं. पण पाय मोज्यात असतो, आणि ताट चारचौघांसमोर असतं.

डिसेंबरात संत निकोलाचा दिवस आला. रादिसावचा कूम तिहोमिर याच्या घरचा कुळसण, म्हणजे कुळाच्या राखणदार संताचा वार्षिक सण, त्याच दिवशी असतो. कूम म्हणजे लग्नात साक्षीला उभा राहिलेला माणूस. आमच्याकडे सख्ख्या भावाचा शब्द मोडेल, कूमचा मोडत नाही. निघताना नेवेन्काने निळ्या काठाचं एक ताट रुमालात गुंडाळून पिशवीत घातलं. रादिसावने पाहिलं.

"हे कशाला? कूमच्या घरात ताटं नाहीत?"

"तुमच्या पायासाठी. मी सांगेन त्यांना, तुम्ही बोलू नका."

तिहोमिरच्या टेबलाभोवती माणसं एकमेकांना चिकटून बसली होती. हा सण उपासाच्या दिवसांत येतो, म्हणून मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. आणि ते नाही म्हणून बाकी कशालाच हिशेब नाही! तेलात निथळणारा भाजलेला घेवडा, तळलेला मासा, अक्रोड भरलेल्या मिरच्या, पावाचे डोंगर, आणि शेवटी पाकात बुडालेला बकलावा. उपासाचं अंगाला लागत नाही, हे आमच्या लोकांना देवळातल्या मंत्रापेक्षा पाठ आहे.

नेवेन्काने नवऱ्यापुढचं परातीएवढं ताट उचललं आणि आपलं ठेवलं.

"हे काय, कूमबाई?" तिहोमिरने विचारलं. "आमच्या घरची ताटं विटाळली का?"

"तसं नाही, कूम. त्यांचा पाय नुकता सुधारतोय. जेवण तुमचंच, फक्त या ताटात वाढा. हे माझ्या आजीचं आहे. तुमच्या आजीचंही एवढंच असणार."

"माझ्या आजीने कुणाला उपाशी उठवलं नाही!" तिहोमिर गरजला. मग रादिसावकडे वळला. "काय रे कूम, घरात पँट कोण घालतं? पुढच्या वर्षी लाळेरं बांधून आणणार का ही तुला?"

सगळे हसले. टेबलाच्या टोकाला बसलेली स्तामेंका तोंडाला रुमाल लावून हसली.

"रादिसाव," नेवेन्का हळूच म्हणाली, "हसू देत. एवढंच तर आहे."

रादिसावचे कान लाल झाले होते. त्याने बायकोकडे पाहिलं नाही. निळ्या काठाचं ताट बोटाने तिच्याकडे सरकवलं आणि म्हणाला, "वाढ कूम. उपासाचंच तर आहे."

टाळ्या पडल्या. एका माणसाने आपला पाय कूमला दिला, म्हणून साऱ्या टेबलाने टाळ्या वाजवल्या! तिहोमिरने स्वतः उठून ताट शिगोशीग भरलं, ते संपताच पुन्हा भरलं, आणि बकलाव्याचे तुकडे तर त्याने हाताने भरवले. मूर्खांना दुष्टपणाची गरज पडत नाही. त्यांचं प्रेमच पुरतं.

त्या दिवसानंतर रादिसावने लहान ताटाला हात लावला नाही. लावला असता तर कूमच्या घरी झालेलं हसं खरं ठरलं असतं. पुढे नाताळ, मग नवं वर्ष, मग घरोघरचे हिवाळी कुळसण. नेवेन्का भांडली, रडली, शेवटी एकदा तिने जेवण तसंच त्याच्यापुढून उचललं, तेव्हा स्तामेंकाने दुसरं वाढून आणलं. जखम पुन्हा ओली झाली, मग काळी. त्याने ती घरात कुणाला दाखवली नाही. फेब्रुवारीत ताप चढून तो दारात कोसळला आणि शहरात नेल्यावर सर्जनने त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला.

घरी आणल्यावर दोन दिवसांनी तिहोमिर आला. आजाऱ्याच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून बकलाव्याची परात घेऊन आला होता. ती त्याने खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवली.

"चल कूम, रक्त किती गेलंय तुझं, भरून काढायला हवं. कूमबाई, ताट आणा. तुमचं ते लहानही चालेल, मी रागावलो नाही!"

रादिसाव ओशाळं हसला. "आण गं," तो बायकोला म्हणाला. "एवढं मुद्दाम आणलंय त्याने."

नेवेन्काने ताट आणलं नाही. ती खाटेशी गेली आणि तिने नवऱ्याच्या अंगावरचं पांघरूण बाजूला केलं. बँडेजमध्ये गुंडाळलेला गुडघा उशीवर होता आणि त्याच्यापुढे चादरीचा सपाट पांढरा भाग.

"वाढा," ती तिहोमिरला म्हणाली. "आधी बघा, मग तुमच्या हातानेच वाढा."

परातीतला चमचा तिहोमिरच्या हातात होता. तो कुठे ठेवावा ते त्याला कळेना.

"झाक ते, नेवेन्का," रादिसाव म्हणाला. "आणि कूम... ती परात घरी ने. मला नको. तेव्हाही नको होतं रे."

तिहोमिरने परात उचलली. दारात स्तामेंका आडवी आली. "अरे भरलेली परात परत नेतोस? लोक काय म्हणतील!" म्हणत तिने ती धरली. लेकाचा पाय परत येणार नाही याचं जेवढं तिला वाटलं नव्हतं, तेवढं परात परत जाण्याचं वाटत होतं. नेवेन्काने सासूची बोटं एकेक करून परातीच्या कडेवरून सोडवली.

"भरलेलीच न्या, कूम. आणि रस्त्याच्या मधून न्या. गावाला दिसू दे."

तो निघाला. फाटकाफाटकांवर लोक उभे होते. "घेतला नाही?" पहिल्याने विचारलं. "बाई डोक्याने गेली आहे," तिहोमिर म्हणाला. दुसऱ्या फाटकाशीही तोच प्रश्न आला, तेव्हा "भूक नाही त्याला," एवढंच बोलला. पुढच्यांना त्याने उत्तरच दिलं नाही.

घरी पोचल्यावर बायकोने परातीकडे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले. "एक तुकडाही नाही? एवढं काय झालं?"

तिहोमिरने परात जमिनीवर ठेवली.

"त्याला पाय नाही गं," तो म्हणाला.

एवढं कळायला आमच्या गावाला एक पाय लागला, आणि तोही दुसऱ्याचा.